४१७ची यादी, ४१८ची हाडं

६ फेब्रुवारी १९९९, शनिवार

सुट्टीच्या दिवशी ऑफिस. मोडक सरांचा सकाळी सातला फोन. "वृंदा, अर्जंट आहे." बॉसचं काही अर्जंट नव्हतं असा दिवस नोकरीच्या चार वर्षांत उजाडलेला नाही. कसब्यातून हडपसर, दोन बस, वर रिक्षावाल्याशी भांडण. त्याच्या टपावर छत्रीचा दांडा हाणला तेव्हा नीट बोलायला लागला.

काम असं. फोर्जिंगच्या कारखान्यात (आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक) काल मारामारी झाली. हीट ट्रीटमेंट खात्यात, भट्टीशेजारी. मॅनेजर दिवाणसाहेबांना सळईने झोडपलं. जबडा तुटला, दात फरशीवर वेचावे लागले. साडेचार ते पाचच्या मधे. मारणाऱ्यांच्या तोंडाला फडकी, डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे कोण ते कळत नाही. पण त्या खात्याच्या दाराला कार्डाचं मशीन आहे, ते मीच बसवून दिलंय. कार्ड फिरवल्याशिवाय दार उघडत नाही. तेव्हा त्या अर्ध्या तासात आत कोण कोण होतं त्याची यादी पाहिजे, आणि आत्ता पाहिजे.

दोन तासांत पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत स्क्रिप्ट लिहिली. कामगाराचा तिकीट नंबर ही किल्ली, आणि त्या नंबरच्या खणात त्या माणसाने दिवसभर कुठलं दार केव्हा ओलांडलं त्याची यादी. हॅशमधे ॲरे. चौदाशे माणसं, एका झटक्यात. हेच मोडकांनी लिहायला घेतलं असतं तर बुधवार उजाडला असता. अकरा नावं निघाली, फॅक्स केली. सर म्हणाले "सुपर्ब."

खूश होते. लपवायचं कशाला, बसमधे एकटीच हसत होते.

८ फेब्रु., सोम.

अकराही जण सस्पेंड.

दुपारी रणदिव्यांचा फोन. कारखान्याच्या टाइम ऑफिसातले कारकून, तीस वर्षं हजेरीचं मस्टर लिहितायत. मशीन आल्यापासून माझ्यावर डूख धरून आहेत.

"अहो बाई, ते ४१८, संपत. माझ्या मस्टरला शुक्रवारी त्याची रजा आहे. तुमच्या यादीत तो भट्टीपाशी. हे कसं काय?"

"मस्टर कोण लिहितं?"

"मी लिहितो."

"मग चूक कोणाची असेल? मशीनला जेवण झाल्यावर डुलकी लागत नाही, रणदिवे."

"बरं. दुरुस्त करतो." फोन ठेवला.

शेजारच्या टेबलावरचा अमोल खो खो हसला. संध्याकाळी कळलं, रणदिव्यांनी रजा ब्लेडने खरवडून तिथे लाल शाईत हजेरी लावली आणि खाली सही केली. नियमच आहे तसा: मस्टर आणि मशीन जुळलं नाही, तर मस्टर सुधारायचं. हा नियम गेल्या वर्षी मीच टाइप करून दिला होता.

१० फेब्रु., बुध.

रणदिवे परत फोनवर. आवाज ओळखू आला नाही.

दिवाणसाहेबांचा मेहुणा कारखान्याला कंत्राटी माणसं पुरवतो. काल तिन्हीसांजेला त्याची सहा जणं ट्रॅक्स जीप घेऊन संपतच्या वस्तीवर गेली. संपत जेवत होता. ताटावरून ओढला. बायको मधे पडली, तिला केसांना धरून भिंतीवर आपटली. मग त्याला पालथा पाडला, दोन्ही हात उंबऱ्यावर ठेवले, एकजण पाठीवर बसला आणि दुसऱ्याने पाइपने हात मोडले. आधी डावा, मग उजवा. घाईत नव्हते म्हणे.

"मी नव्हतो, बहिणीच्या साखरपुड्याला गावी होतो," असं तो ओरडत होता. पाइपवाल्याने खिशातून कागद काढून त्याच्या तोंडासमोर धरला. माझ्या फॅक्सची झेरॉक्स. "कॉम्प्युटर खोटं बोलतो का रे?"

ऐकून पहिलं काय मनात आलं तेही लिहून ठेवते. मारणाऱ्याला मार बसला, असं आलं. चहा प्यायले आणि कामाला लागले.

११ फेब्रु., गुरु.

दुपारी कारखान्यातून किरकोळ काम आलं. ४१७, भिवा, शुक्रवारी सुटताना कार्ड फिरवायला विसरला होता. त्याची बाहेर पडायची वेळ, सहा दहा, हाताने घाला. घातली. तपासायला कागद काढला. ४१७च्या खाली सहा दहा. ४१८च्या खालीही सहा दहा.

४१८ला मी हातसुद्धा लावला नव्हता.

आधी वाटलं प्रिंटरची भानगड. मग स्क्रिप्ट उघडली.

हॅश म्हणजे खणांचं कपाट. एका खणात एकच वस्तू मावते. म्हणून आख्खी यादी खणात कोंबत नाहीत, यादी कुठे ठेवलीय त्याची चिठ्ठी ठेवतात. प्रत्येक माणसाला कोरी यादी घ्यायची आणि तिची चिठ्ठी त्याच्या खणात टाकायची. पोरंसुद्धा करतात. मी कोरी यादी केव्हा घेत होते? त्या नंबरची एक तरी नोंद सापडली तर. माणूस आलाच नसेल तर नोंद नाही, नोंद नाही तर कोरी यादी नाही, आणि हातात आधीच्याची चिठ्ठी तशीच. तीच पुढच्या खणात टाकली. दोन खण, यादी एकच. एकाची लिहा, दुसऱ्याचीही बदलते.

संपत त्या दिवशी आला नाही, म्हणून तो भट्टीपाशी दिसला. आला असता तर वाचला असता.

एक ओळ. कंसाच्या बाहेर पाहिजे होती, आत पडली. रजेवर आणखीही माणसं होती, पण त्यांच्या आधीच्या नंबरवाले भट्टीकडे फिरकले नव्हते, म्हणून त्यांची हाडं शाबूत. यादीतले बाकीचे दहा तपासले. दहाही खरोखर आत होते.

कीबोर्ड टेबलावर आपटला. परत आपटला. बटणं उडाली. अमोल बाहेर जाऊन उभा राहिला.

आणि सोमवारी रणदिव्यांना मी काय म्हणाले ते आठवलं. त्या म्हाताऱ्याच्या हातात ब्लेड मीच दिलं.

१२ फेब्रु., शुक्र.

सकाळी मोडकांच्या केबिनमधे दोन कागद ठेवले, चुकीचा आणि बरोबर. त्यांना समजायला दोन मिनिटं लागली. तेवढे हुशार आहेत.

"हे कोणाला दाखवलंस?"

"तुम्हालाच."

"गुड. लुक, वृंदा. क्लायंटने ॲक्सेप्ट केलंय, त्यांचं मस्टरही मॅच होतंय. मॅटर क्लोज्ड. त्यांच्या अमेरिकेच्या ऑफिसचं वायटूकेचं काम मार्चमधे आपल्याकडे येतंय, तू स्वतः जाणारेस तिकडे. आता मधेच आपण बग सांगायचा?"

"त्याचे दोन्ही हात मोडलेत."

"मोडले ते आपण नाही मोडले."

मी म्हटलं, तुमच्या हातून आजवर एक पेन्सिल मोडलेली नाही, ठाऊक आहे मला. ते उठले आणि माझ्या हातातल्या फ्लॉपीला हात घातला. मूळ नोंदी तिच्यात. मशीनवरून दर आठवड्याला पुसल्या जातात, म्हणजे आता फक्त तिच्यात. मी सोडेना. त्यांनी माझं मनगट पिरगाळलं. टेबलावर स्टेपलर होता, जुना, लोखंडी. त्यांच्या बोटांवर हाणला. एकदा पुरला असता, मी तीनदा हाणला. नख उलटलं, कागदांवर रक्त.

बरं वाटलं. फारच बरं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटते.

"यू आर फिनिश्ड," असं ओरडत होते. जिना उतरले तेव्हा पर्समधे फ्लॉपी, दोन्ही कागद, आणि का कोण जाणे, स्टेपलरही.

घरी दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. दादा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर, एका कानाने ऐकू येत नाही. लहानपणी त्यांचा पट्टा माझ्या पाठीला पाठ होता. सगळं ऐकून घेतलं, उजव्या कानाने. मग म्हणाले, "हात माझा घेतलास."

१३ फेब्रु., शनि.

कारखान्याच्या गेटवर गेले. आत सोडलं नाही. कंपनीच्या लेटरहेडवर आणा म्हणाले. मी कंपनीत उरले नाही हे त्यांना सांगितलं नाही.

रणदिवे जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले. समोरच्या टपरीवर उभं राहून सगळं सांगितलं. विचारलं, रजेचा अर्ज असेलच ना? नाही. संपतने तोंडी सांगितलं होतं, त्यांनी मस्टरला लिहिलं. तोच काय तो पुरावा. तो खरवडला.

"बाई, तीस वर्षांत माझ्या मस्टरवर खाडाखोड नाही. एकदा केली. माझी चूक नसताना केली, कारण तुम्ही डुलकी म्हणालात. आणि लागते मला. लागते! म्हणून तर विश्वास बसला."

त्यांनी कपाळावर हाताचा तळवा मारून घेतला. मग आणखी एकदा. मग थांबेचनात. लोक बघायला लागले. मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला, केवढा जोर होता त्या काडीसारख्या हातात. टपरीवाल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

विचारलं, लिहून द्याल का की आधी रजा होती? म्हणाले, पाच महिने राहिलेत नोकरीचे. मग म्हणाले, बघतो.

मी रडले रस्त्यात. रागाने का शरमेने, दोन्ही असेल.

१४ फेब्रु., रवि.

संपतला भेटायला दवाखान्यात. जनरल वॉर्ड, खिडकीजवळ. खांद्यापासून बोटांपर्यंत प्लॅस्टर, दोन्ही हात वर टांगलेले. बायको शेवंता कपाळाला पट्टी बांधून खाली बसलेली. भाऊ हणमंत पायथ्याशी उभा, पैलवान गडी. आणि एक किडकिडीत माणूस चमच्याने संपतला वरणभात भरवतोय.

"ह्यो भिवा," संपत म्हणाला. "माजा जोडीदार. एकाच दिवशी लागलो कामाला. रोज येतो, ह्योच भरवतो."

एकाच दिवशी लागले, म्हणून नंबर लागोपाठ. ४१७ माझ्यासमोर चमचा घेऊन बसला होता.

सांगितलं. यादी मी केली, माझी चूक झाली, दुसऱ्या कोणाची नोंद तुमच्या नावावर पडली, तुम्ही आत नव्हता हे मला माहीत आहे.

शेवंता उठली आणि माझ्या कानाखाली दिली. दुसरी दिली. मग डब्याचं झाकण उचलून डोक्यात घातलं. "तुजा कागद! तुजा कागद! त्येला पोरगीला उचलून घेता येईना, पानी पिता येईना, मुताया मीच न्हेती!" वॉर्डातलं कोणी उठलं नाही. नर्ससुद्धा बघत उभी. मी हात वर केला नाही. दोन दिवसांपूर्वी स्टेपलर हाणणारी मी, हात मांडीखाली दाबून बसले. आत्ताही कानात शिट्टी वाजतेय.

ती दमली. मग संपत हळू आवाजात म्हणाला, "मंग ती नोंद कुनाची व्हती, बाई?"

भिवाचा चमचा वाटीत थांबला.

"बघावं लागेल," म्हणाले. खोटं बोलले. हणमंत माझ्याकडे एकटक बघत होता.

जिन्यात भिवाने गाठलं. मनगट धरून भिंतीला दाबलं, मोडकांनी पिरगाळलेलं तेच मनगट.

"म्याडम, म्या आत व्हतो. हाय कबूल. सळई माज्या हातात व्हती का न्हाई, त्ये तुमच्या कागदात हाय का?"

"नाही."

"मंग माजं नाव तोंडातनं काडू नका."

धमकी होती की विनवणी, कळलं नाही. बाकी सगळ्यांसारखा तोही सस्पेंड आहे, तो मेहुणा त्याच्याही घरी कधीही येईल. रोज वाट बघतोय. आणि रोज भरवायला येतोय. विचारायचं होतं, मारलंत का हो? विचारलं नाही.

१६ फेब्रु., मंगळ.

आज मी जे केलं ते.

सकाळी दहाला हणमंत घरी आला. पत्ता रणदिव्यांकडून घेतला. आईने पाणी दिलं, त्याने घेतलं नाही. मी बरोबर यादीचा कागद त्याला देणार नव्हते, कारण कागदावर ४१८ कोरा आणि वर लगेच ४१७, सहा दहासकट. पोरालाही कळेल. म्हटलं, लेबर कोर्टात वकिलामार्फत देते, तुमच्या भावाची नोकरी वाचेल.

"नोकरी ऱ्हाऊ द्या. नाव सांगा."

"नाव सांगून काय करणार?"

"तुमी काय केलं नाव सांगून?"

इथेच गप्प बसायचं होतं. बसले होते. मग तो म्हणाला, "चूक न्हाई ती. त्या मेहुण्यानं सांगितलं आन् तुमी मुद्दाम घातलं त्येचं नाव. दुसरं कुनी न्हाईच त्यात. खोटारडी बाई."

डोकं फिरलं. पाच दिवसांत नोकरी गेली, मार खाल्ला, दारोदार हिंडले, आणि मी मुद्दाम! ताट उचलून जमिनीवर आपटलं आणि ओरडले, "मुद्दाम? भिवाची यादी होती ती! तुमच्या भावाला भरवतो त्या भिवाची! कळलं?"

ताट घरंगळत दारापर्यंत गेलं. हणमंतने ते पायाने थांबवलं आणि निघून गेला. मी जिन्यापर्यंत धावले. अहो, तो आत होता एवढंच, मारलं असं नाही, ऐका तर. तो सायकलवर टांग टाकून गेलासुद्धा.

आई म्हणाली, "त्या भिवाला सावध कर, वृंदा." कसं करू? भिवाचा पत्ता माझ्याकडे नाही. रणदिव्यांना फोन केला, सुट्टीवर. कारखान्याने पत्ता दिला नाही. दवाखान्यात गेले, संपत एकटा. भिवा आज आला नव्हता. संपतला विचारलं तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, म्हणजे हणमंत माझ्या आधी येऊन गेला होता.

१७ फेब्रु., बुध.

कालच झालं. मी दवाखान्यात होते तेव्हाच. कालव्याच्या रस्त्याला. भिवा सायकलवरून संपतसाठी डबा घेऊनच निघाला होता. हणमंत आणि दोघे. सायकलची साखळी काढून तिनेच मारलं. मग दगड. एक डोळा जाईल म्हणतात, डोक्याला आतून मार आहे, शुद्ध नाही.

त्याच वॉर्डात आणला. संपतपासून चार खाटा सोडून. संपत ओरडून रडत होता म्हणे, मला तिकडं न्या, मला तिकडं न्या. हात टांगलेले, नेणार कसं.

हे अमोलने सांगितलं. तो बघून आला. माझं जायचं धाडस झालं नाही. भिवाने सळई धरली होती का, हे अजून कोणालाच माहीत नाही. दिवाणसाहेब सांगू शकतील, एकाच्या तोंडावरचं फडकं सुटलं होतं म्हणतात. पण त्यांचा जबडा तारेने बांधलाय, आणि लिहायला कागद दिला की ढकलून देतात.

न्हाणीघरात बसून तो स्टेपलर फरशीवर आपटत राहिले. तो मोडत नाही. दादांनी बाहेरून कडी वाजवली आणि म्हणाले, "पुरे. आता चपला घाल."

१८ फेब्रु., गुरु.

चौकीत बाकावर बसून लिहितेय.

हवालदाराला सगळं सांगितलं. दोन्ही कागद, फ्लॉपी, रणदिव्यांची चिठ्ठी पुढे ठेवली. हो, दिली त्यांनी. आज सकाळी स्वतः घरी आणून दिली, सुवाच्य अक्षरात, "आधी रजा होती, मी खोडली." बरोबर त्या पानाची नक्कलही आणली. पाच महिन्यांचं मी विचारलं नाही, तेही बोलले नाहीत.

हवालदाराने फ्लॉपी उलटसुलट करून बघितली. "खणात यादी, यादीची चिठ्ठी, हे काय आम्हाला कळत न्हाई बाई. मारलं कुणी ते सांगा. कुणाविरुद्ध लिहू?"

मेहुणा, पाइपवाला, हणमंत, मोडक, सगळी नावं सांगते म्हटलं. पण आधी माझं लिहा.

"तुम्ही कुठं मारलंय कुणाला?"

"लिहा तुम्ही."

त्याने पेन खाली ठेवलं. साहेब चारला येतील, बसा म्हणाला. आता सव्वातीन.

मघाशी एक बाई आत आली. कडेवर मूल, पदराला रक्त वाळलेलं. तक्रार कुठं लिहितात विचारलं, हवालदाराने बाकाकडे बोट केलं. मी सरकून जागा दिली. नवऱ्याला साखळीनं मारलं म्हणाली. कुणी तरी पुण्यातल्या बाईनं नाव घेतलं त्याचं. त्यानं कुणावर हात उचललेला न्हाई, साधं पोरीवरबी न्हाई. मूल माझी ओढणी चोखत होतं, तिने ती हळूच सोडवून पुसून दिली.

मग माझ्या सुजलेल्या गालाकडे बघून विचारलं, "तुमचं कुनाला मारलं, बाई?"

अजून माझ्याकडेच बघतेय ती, उत्तराची वाट बघत.